पायलीला एक मूठ कमी

ही गोष्ट कोणी खरी मानणार नाही, हे मी अगोदरच सांगून ठेवतो. अरुणावतीच्या पुरात माझी म्हैस बाभळीवर चढली आणि पाणी ओसरेपर्यंत शेंड्यावर रवंथ करत बसली, ही गोष्ट सांगितली तर लोक विचारतात, मग उतरवली कशी? म्हणजे चढली, एवढं त्यांना मान्य असतं. पण ढेकणांची गोष्ट काढली की माणसं एकमेकांकडे बघून गालात हसतात. आणि गंमत अशी, की ही गोष्ट सगळ्यांत आधी ज्यानं हसण्यावारी नेली तो मीच होतो.

सन पासष्टचा मार्गशीर्ष. दिग्रसला जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या बंड्यांची रांग लागली होती. सकाळपासून रांग हलली नव्हती. बैल सोडून लोक जुवावर, चाकाला टेकून, जमेल तसे बसले होते. माझ्या पुढची बंडी मारोतरावाची. मागची तांड्यावरच्या प्रेमसिंगची. माझी लेक जया दिग्रसलाच दिली आहे, जावई याच जिनात फिटर आहे. मी कापूस घेऊन आलो म्हणजे ती भाकर घेऊन येते. त्या दिवशीही आली आणि बंडीच्या सावलीत फडकं सोडून बसली.

तेवढ्यात दलालाचा माणूस आला. त्यानं मारोतरावाच्या बंडीत कोपरापर्यंत हात घातला, आतला मूठभर कापूस ओढून काढला, उन्हात धरला आणि मातीत टाकून दिला.

"कवडी हाय सारी," एवढं म्हणून तो पुढं गेला.

कवडी म्हणजे डागी कापूस. बोंड उमलायच्या आधीच आत नासलेला, कडक, पिवळट. मारोतरावानं ती मूठ उचलली, माती झटकली आणि परत बंडीत ठेवली. जणू तेवढ्यानं वजन कमी झालं असतं.

"लाल ढेकूण, बाप्पा," तो म्हणाला. "औंदा बोंडाबोंडावर होते. मी एकटा माणूस त्याले काय करू?"

"ढेकूण मले विचारा," मी म्हणालो.

"झालं सुरू," मागून प्रेमसिंग म्हणाला. "बुढ्या, म्हैस सांगून राह्यला का?"

"म्हैस नाई. हे खरी हाय."

"मंग तं पान खाऊनच ऐका लागते," असं म्हणत प्रेमसिंग पुढं येऊन बसला. जया भाकरीचे तुकडे करत होती. 

गोष्ट सत्तावन्न सालची. आदल्या वर्षी दसऱ्याला आम्ही नागपूरला जाऊन आलो होतो. मी आणि मथुरा, म्हणजे जयाची माय. पांढरे कपडे घालून या, असा निरोप होता. मी एक सदरा तीनदा धुतला तेव्हा तो पांढरा म्हणण्यासारखा झाला. आणि तिथं जाऊन बघतो तर जिकडं नजर जाईल तिकडं पांढरं. एवढं पांढरं कापड मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि त्यातलं कोणतंच मढ्यावरचं नव्हतं.

हे मारोतरावाला कळायला वेळ लागला, म्हणून इथं सांगून टाकतो. तोवर आमच्या घरी पांढरं कापड एकाच वाटेनं यायचं. गावात कोणी मेलं की मढ्यावरचं कापड आमच्या वाट्याचं. मथुरा लग्नात नेसली तेही तसलंच होतं. कळू नये म्हणून तिच्या मायनं ते दोनदा हळदीत बुडवलं होतं. कळत सगळ्यांना होतं.

नागपूरहून परत निघालो. यवतमाळच्या मोटारीत बसल्यावर मथुरा म्हणाली, "जयाचं लगन पांढऱ्या लुगड्यात कराचं. इकतच्या नाई. आपल्या वावरातल्या."

मी शब्द दिला. शब्द द्यायला मला कधी वेळ लागला नाही.

"लगनात पांढरं?" मारोतराव म्हणाला. "आमच्याइकडे पांढरं कोन नेसते, सांगू का?"

"नका सांगू. ऐका."

लग्न ठरलं पुढच्या वैशाखी पौर्णिमेचं. वावर माझं तीन एकर, त्यात ज्वारी आणि तूर. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फक्त वीस तासं, बांधाकडून ओढ्यापर्यंत. बी लांब धाग्याचं, ग्रामसेवकानं दिलेलं. त्या वीस ओळींतून जयाचं लुगडं, जावयाचं धोतर आणि सदरा निघायचा होता. दिग्रसचा कोष्टी विणून द्यायला तयार होता. मथुरानं चरखा मागून आणला होता आणि कापूस अजून बोंडात असतानाच चरख्याला तेल घालून ठेवलं होतं. रोज एकदा फिरवून बघायची. रिकामाच.

पोळा गेला, दसरा आला, बोंडं कबुतराच्या अंड्याएवढी झाली. आणि ढेकूण आले.

आता घरच्या खाटेतला ढेकूण वेगळा आणि हा वेगळा, हे मारोतरावाला सांगायची गरज नाही, पण शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. हा लाल, लांबट, पाठीवर काळे ठिपके, पोटावर पांढऱ्या रेघा. दिसायला नवरदेव. बोंडाला सोंड लावतो आणि आतल्या सरकीचं दूध ओढतो. त्या भोकातून आत जे काही शिरतं त्यानं रुई पिवळी पडते. बोंड बाहेरून हिरवंगार दिसतं. उमलतं तेव्हा कळतं.

"इतके होते," मी म्हणालो, "की वावरात उभं राह्यलं तर ओढल्याचा आवाज ये. हुक्क्यावानी. गुडूगुडू."

"ढेकनाचा आवाज?" मारोतराव म्हणाला.

"एका ढेकनाचा नाई येत. वीस तासं ढेकनाचा येते. एक डाव मी पटका काढून धुऱ्यावर ठेवला अन् भाकर खाल्ली. पाह्यतो तं पटका नाई. पटका चालत चालत बांधापलीकडे चालला. खालून ढेकूण, वरून पटका."

प्रेमसिंग पान सांभाळत हसला. "अन् तू त्याले राम राम केला असशीन."

"जय भीम केला," मी म्हणालो.

पण खरं सांगायचं तर तेव्हा हसू येत नव्हतं. सकाळी मथुरा वावरात जायची आणि पऱ्हाटीच्या ओळीत नुसती उभी राहायची. एका बोंडावरचे झटकले तर दुसऱ्यावर. हातानं चिरडले तर हाताला लाल, आणि पुन्हा तेवढेच. तिनं राख फुंकली, लिंबाचा पाला उकळून शिंपडला, शेणाचा धूर केला. ढेकूण शिंकलेसुद्धा नाहीत.

आमच्याकडे पहिल्या वेच्याआधी बायका वावरात दहीभात शिंपडतात. सीतादही म्हणतात त्याला. ते झाल्यावर पहिलं बोंड वेचायचं. त्या वर्षी आमच्या वस्तीतल्या कोणी ते केलं नाही, कारण सोडलं ते सोडलं. शेजारच्या वावरातून रुखमाबाई पाटलीण मधल्या धुऱ्यापाशी आली आणि म्हणाली, "मथुरे, देव सोडले, आता ढेकूणच राह्यले व तुह्यापाशी."

मथुरा म्हणाली, "तुमच्याबी वावरात हायेत ना वो बाई. तुमी तं दही शिंपडलं."

बोलली फक्कड. पण घरी आल्यावर ती चरख्यापुढं बराच वेळ बसून राहिली. पूर्वी असं काही झालं की मरीमायकडं जायचं, नारळ ठेवायचा, हात जोडायचे. काही होवो न होवो, केल्यासारखं वाटायचं. आता हात होते, पण ते कुठं न्यायचे ते कळत नव्हतं.

मग ग्रामसेवक आला. देवराव नावाचा, सायकलवरून यायचा, पोरगेला पण मनाचा सरळ. त्यानं वावरं पाहिली आणि उपाय सांगितला. सरकी ठेचून तिचे छोटे ढीग वावरात ठेवायचे. वासानं ढेकूण तिथं गोळा होतात. मग सूप आडवं धरून झाडावरचे आणि ढिगातले ढेकूण त्यात झटकायचे आणि डब्यातल्या घासलेटच्या पाण्यात बुडवायचे.

उपाय चांगला होता. बिघडवला तो आम्ही.

आमच्या गावाला मापाशिवाय हुरूप येत नाही. ज्वारी मापायची, तूर मापायची, भांडण झालं तर शिव्यासुद्धा मापून देतात. कोणीतरी म्हणालं, कोण जास्त ढेकूण धरतो ते पाहू. दुसरा म्हणाला, पायलीनं मोजू. झालं. रोज संध्याकाळी शाळेपुढं पायली ठेवायची, प्रत्येकानं आपले बुडवलेले ढेकूण आणून तीत टाकायचे, आणि ज्याची भरली त्याच्या नावानं टाळ्या. पाटलांची माणसं, वस्तीतली माणसं, सगळे एका मापाला. गावात असं पहिल्यांदाच होत होतं, आणि तेही ढेकणांच्या मापाला. नंतर ते ढेकूण शाळेमागच्या खड्ड्यात ओतायचे.

पहिल्या दिवशी माझी पायली भरली नाही. लाल ढेकूण मोठा चपळ. सूप हलवलं की खाली पडतो आणि मातीच्या भेगेत पळतो. दुसऱ्या दिवशी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सगळे ढेकूण पळत नाहीत. काही सुस्त असतात. पोट फुगलेलं, पाय जड. पानाच्या काठाला लोंबून बसतात, हात पुढं केला तरी हलत नाहीत. वाटलं, खाऊन खाऊन आळसावलेत. मी पळणाऱ्यांचा नाद सोडला आणि सुस्त तेवढे वेचत सुटलो. माझ्या वावरातले संपले की धुऱ्यावरचे, धुऱ्यावरचे संपले की दुसऱ्याच्या वावरातले. संध्याकाळी पायली भरली. तिसऱ्या दिवशी दीड. सारं गाव मला विचारायला लागलं, आणि मी सारं गाव शिकवलं: पळते त्याले सोडा, बसते त्याले धरा.

"मले काहून नाई सांगितलं कोनी?" मारोतराव म्हणाला.

"थांबा ना. सांगून राह्यलो."

जया तेव्हा सोळा वर्षांची, सातवी पास. आमच्या वस्तीतली सातवी झालेली पहिली पोरगी. कोणतीही गोष्ट उलटी करून बघायची तिची खोड. तिनं एक दिवस मला एक सुस्त ढेकूण दाखवला. पाठीवर, मानेजवळ, खसखशीएवढा पांढरा ठिपका.

"हे काय होय, बाबा?"

"म्हातारा झाला. केस पिकले त्याचे."

ती हसली नाही. तिनं घरातली कंदिलाची जुनी काच घेतली, खालच्या तोंडाला फडकं बांधलं, त्यावर ओली माती पसरली, आत वीस-पंचवीस सुस्त ढेकूण सोडले आणि वरूनही फडकं बांधलं. रोज पऱ्हाटीचं पान घालायची आणि काचेला डोळा लावून बसायची. मथुरा म्हणायची, लग्न ठरलं आणि पोरगी ढेकणाचा संसार मांडून बसली.

चार दिवसांनी ती वावरात धावत आली. "बाबा, ढेकनाच्या मांगून अळी निंगाली. मातीत गेली. ढेकूण मेला."

"बरं झालं."

आणखी आठ-दहा दिवसांनी पुन्हा आली, काडीपेटी घेऊन. उघडली तर आत माशी. मेलेली. घरच्या माशीपेक्षा बारीक, पाठ रुपेरी, पोट चपटं. "थे अळी मातीत गेली, तिचा गव्हाएवढा लाल दाना झाला, अन् त्याच्यातून हे निंगाली. हे माशी ढेकनाच्या पाठीवर अंडं घालते, बाबा. आतून खाते त्याले. सुस्त ढेकूण म्हंजे तिचंच घर होय. सुस्त ढेकूण मारू नका."

मारोतराव थुंकला. "ढेकनाच्या पोटातून माशी. पटका चालला थो पटला बुढ्या, पन हे नाई."

"मलेबी नाई पटलं," मी म्हणालो.

कसं पटणार? मी जन्मभर गप्पा मारणारा माणूस. मला वाटलं, लेक माझ्यावर गेली. मी तिला म्हणालो, "वा गं वा! बापानं म्हैस झाडावर चढवली, लेकीनं ढेकूण गाभण केला. घरातली माशी काचेत शिरली अन् मेली, तुले वाटलं तिथंच जलमली." वावरात चारपाच लोक होते, सगळे हसले. मीही हसलो. जयानं काडीपेटी बंद केली. म्हणाली, "काचीत आजून नऊ दाने हायेत. निंगू द्या. मंग पाहा."

मी हो म्हणालो. ऐकलं असतं तर बरं झालं असतं, हे आता म्हणायला सोपं. पण त्याच दिवशी संध्याकाळी शेवटचं माप होतं. देवराव स्वतः यायचा होता. पाटलाचा माणूस भगवानराव आणि मी, दोघांत चुरस. सगळं गाव शाळेपुढं जमलेलं. भगवानरावाची पायली काठाला लागली. माझी काठाच्या खाली राहिली. एक मूठ कमी. आजवर माझ्या वस्तीतल्या कोणाचं माप पाटलाच्या मापाबरोबर लागलं नव्हतं, आणि मागं माझी माणसं उभी होती, माझ्याकडे बघत. मी म्हणालो, थांबा, घरी डब्यात थोडे राहिलेत. गेलो आणि मूठ घेऊन आलो. पायलीला शीग लागली. टाळ्या वाजल्या. ती मूठ कुठली, ते काही एवढं महत्त्वाचं नाही.

"पानी घ्या, बाबा," जया म्हणाली, आणि तांब्या माझ्यापुढं ठेवला. मी घोटभर प्यालो.

माप संपलं, आणि पुढच्या आठ दिवसांत ढेकूण दुप्पट झाले. मी ही बढाई म्हणून सांगत नाही. आम्ही पायल्यांवर पायल्या मारल्या होत्या आणि वावर जास्त लाल होतं. आता सुस्त एकही नव्हता. जे होते ते सगळे पळणारे. हात लावायच्या आत खाली, आणि हात काढला की वर. सारं गाव सुपं घेऊन वावरात वाकलेलं आणि सुपात पाचोळा. मथुरानं एक बोंड तोडून फोडलं. आतली रुई हळदीत बुडवल्यासारखी. तिनं ते माझ्या हातात दिलं आणि पुढच्या झाडाकडं गेली. दुसरं फोडलं. तेही तसंच. मग तिनं फोडायचं बंद केलं.

देवराव आला तेव्हा जयानं त्याच्यापुढं काडीपेटी धरली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. देवरावानं माशी तळहातावर घेतली, उन्हात फिरवून पाहिली. मग विचारलं, "ही ढेकणातून निघाली? तू पाहिलंस?"

"पाह्यलं."

"ही आपली माशी आहे," देवराव म्हणाला. "ढेकणाचा काळ. सुस्त ढेकूण मारायचे नसतात, ते सोडायचे असतात. धावतात ते मारायचे."

"धावणारे धराचे कसे?" मी विचारलं.

देवरावानं माशी परत काडीपेटीत ठेवली. तो हुशार होता, पण त्याच्याजवळही एक सायकल आणि दोन हात.

मग म्हणाला, "सुस्त ढेकूण कुठं ओतले?"

आम्ही शाळेमागं गेलो. खड्ड्यावर आता लाल थर वाळून पापडासारखा झाला होता. जया काठाला बसली आणि काडीनं उकरत राहिली. वरचा थर, खालचा थर, त्याखालचा. अळी नाही, दाणा नाही, घासलेटचा वास तेवढा. सबंध गावातल्या माशा आम्ही मापून मारल्या होत्या, आणि मापात पहिला नंबर माझा.

बंडीजवळ कोणी हसलं नाही. प्रेमसिंगनं पान थुंकून टाकलं.

"अन् मंग?" मारोतराव म्हणाला. "लुगड्याचं काय झालं?"

देवरावानंही तेव्हा असंच विचारलं होतं. खड्ड्याच्या काठावर उभं राहून म्हणाला, "एकही शिल्लक नाही का?"

मी मारोतरावाकडं पाहिलं. त्याचा हात अजून बंडीतल्या कवडीवर होता.

"होत्या की!" मी म्हणालो. "काचीत नऊ दाने होते ना."

जयाचा भाकर मोडणारा हात थांबला.

मग मी सांगितलं. कसे आम्ही घरी धावलो. कशी काच जयानं पदराखाली धरली आणि मी पुढं रस्ता मोकळा करत चाललो, जणू आत राजा बसला होता. कशा तिसऱ्या दिवशी सकाळी एका ओळीत नऊ माशा निघाल्या, पंख वाळवले आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "बायांनो, माप मी भरलं, आता राखन तुमी करा." बांधावर नेऊन फडकं सोडलं. नऊच्या नऊ पऱ्हाटीत शिरल्या. चौथ्या दिवशी पळणारा ढेकूण चालायला लागला. सातव्या दिवशी चालणारा बसला. पंधराव्या दिवशी वावरावर रुपेरी ढग, एवढा की तुरीवर सावली पडली आणि बैलांना वाटलं संध्याकाळ झाली, ते आपले आपण घरी निघाले. महिन्यानं ढेकूण औषधाला राहिला नाही.

"अन् कापूस?"

"दुसरा वेचा जाईवानी. मथुरा वेचे अन् हसे. सूत कातलं, कोष्ट्यानं इनलं. वैशाखात जया मांडवात आली तं लोकांनी डोळ्यावर हात धरले. पाटलीनबाई धुऱ्यावरून पाहून गेली. म्हने, मथुरे, असं पांढरं मी माह्या जलमात नाई पाह्यलं."

मारोतराव पुढं सरकला होता. ढेकणाच्या पोटातून माशी निघते, हे त्याला पटलं नव्हतं. बैल आपले आपण घरी गेले, तेही त्यानं ऐकून सोडून दिलं असेल. पण हे त्याला पटलं होतं. त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"नऊ माशीनं सारं गाव वाचलं," तो हळूच म्हणाला. "बळीरामबुवा, थ्या माशा आजून असतीन ना तुमच्या वावरात? मी येतो. उद्याच येतो. काच आनतो घरून. मले चारपाच दिल्या तरी चालते. बांधाकडची पऱ्हाटी आजून उभी हाय माही, दुसऱ्या वेच्याची बोंडं हायेत. चारच द्या."

"देतो ना," मी म्हणालो. "चार कायले, धा घ्या."

प्रेमसिंगनंसुद्धा मान हलवली. "मलेबी दोन ठेव, बुढ्या."

जया उठली. फडक्यातली भाकर तशीच ठेवून ती बंडीच्या सावलीतून बाहेर आली आणि माझ्यापुढं उभी राहिली.

"खोटं कायले सांगता, बाबा?" ती म्हणाली. "हे बिचारे काच घेऊन येतीन उद्या. काचीत दाने नोतेच. पायली भराले तुमी थे काच हातावर झटकलती, मी दारात उभी होती. अन् माय तीन दिवस अरुणावतीवर बसून माह्या लुगड्याचे डाग धूत होती. निंगाले नाईत."